शेवटची वलांडी

गेममध्ये शत्रू किती पावलांनी आणायचा, हे मला कुणी शिकवू नये. एक लढाई संपली की चाळीस पावलं उसंत द्यायची, म्हणजे पुढच्या लढाईला मजा येते.

नव्या गेमसाठी मी अर्नाळ्याचा किनारा पावलांनी मोजला, फोटो काढले. तिथे बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या आहेत. शेवटच्या वलांडीवर बायका कधीच काही घालत नाहीत. गेममध्येही मी ती रिकामीच ठेवली, उसंतीची जागा म्हणून.

काल माझ्या बहिणीने, रचनाने, गेम खेळून पाहिला.

"दादा, उसंत कुठाय? शेवटच्या वलांडीपाशी एक जण उभा आहे. लढत नाही, नुसता बघतो."

"तिथे मी कुणालाच ठेवलेलं नाही. माझा गेम मला माहीत."

आज दुपारी लॅपटॉप घेऊन मी खात्री करायला अर्नाळ्याला गेलो. शेवटची वलांडी बोंबलांनी गच्च भरली होती.

"आज इथे कसे?" बोंबील घालणाऱ्या जिजामावशींना मी विचारलं.

"मोकली झाली ना आता," त्या हसल्या. "त्या दिवशी तू नेलास त्याला."

मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरच्या बॅगेवर गेली. त्या घाईघाईने बोंबील उतरवू लागल्या.

"परत कशाला आनलास?"