वळणावरची घंटा

परदेशातल्या ज्या शहरात आत्याने बावीस वर्षं ट्राम चालवली, तिथे ती भाचीला घेऊन पर्यटक म्हणून आली होती. हौसेने चालकाच्या मागेच बसली होती. शाळेचं वळण आलं तसा घंटेचं पेडल दाबायला तिचा पाय आपसूक खाली गेला, पण फरशीवरच आपटला. चालकाने घंटा न वाजवताच ट्राम वळवली. आत्या ताडकन उठली. "घंटा कोण वाजवणार, तुझा काका?" तिने तिथल्याच भाषेत झापलं. "आत्या, बस ना, सगळे बघतायत," भाची पुटपुटली. "बघू देत. पोरं धावत सुटतात इथे." चालक हसला. "पाहुण्यांनी काळजी करू नये. शाळा हलली, आता हॉटेल आहे." आत्याने मागे पाहिलं. फाटक तेच, आत टेबलखुर्च्या. "पाहुणी कोणाला म्हणतोस? हॉटेलातली माणसं काय रबराची असतात? पुढे बाजार लागतो. तिथे वाजव, मी ऐकतेय."