पंचशीलच्या गेटवरचं राजघराणं

घाटकोपरची पंचशील चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, आणि राहायला जायच्या दिवशीच बिल्डरनं गेटवर 'मेडिची' असा सोनेरी बोर्ड चढवला. कौसाबाईंचं डोकंच फिरलं. "पंचशील हे नाव आमच्या माणसांनी वर्गणी काढून, पेढे वाटून ठेवलं होतं रे! हा मेडिची कोण लागून गेला?"

"आजी, इटलीचं राजघराणं आहे. कसं रॉयल वाटतं ना!" बिल्डर हसला. त्यानंच सोसायटीवर बसवलेला सेक्रेटरी चंद्रप्रकाशही मागून हसला.

कौसाबाईंचं वाचन जेमतेम. त्यांनी नातीला तिथंच मोबाईल काढायला लावला. "वाच गं श्रुतिका, मोठ्यानं. कळू दे सगळ्यांना, कुठले राजे आलेत ते."

श्रुतिका वाचू लागली. "मूळचे सावकार. किती तरी वर्षं स्वतः राजे झालेच नाहीत. खुर्चीवर आपली माणसं बसवायची आणि अख्खं शहर आपल्या घरातून चालवायचं."

जमलेले सगळे चंद्रप्रकाशकडे बघायला लागले.

"अगं, हे तर आमच्याच कमिटीचं वाचतेयस!" कौसाबाई कडाडल्या. "पुढे काय झालं मेल्यांचं?"

"पुढे लोक भडकले आजी. सगळ्या घराण्याला शहराबाहेर हाकलून दिलं."

बिल्डरनं घाईघाईनं शिडी मागवली. "काढा रे तो बोर्ड."


"खबरदार हात लावलास तर," कौसाबाई म्हणाल्या. "राहू दे तिथंच. जाता-येता आम्हाला दिसला पाहिजे."