चौकटीतली आई

दुपारी बाळाला निजवून मंजिरीने स्वतःचा तो गाजलेला रिॲक्शन व्हिडिओ लावला. आईने हौसेने केलेल्या पोह्यांच्या व्हिडिओवर ती त्यात पोट धरून हसत होती. इंदूरभर तो फिरला. आईने मग कधी कॅमेरा लावला नाही, आणि गेल्या वर्षी ती गेलीच.

"जीरावन मसाला घालतेयस का गुलाल उधळतेयस, आईसाहेब?" पडद्यावरची मंजिरी हसली. कोपऱ्यातल्या चौकटीत पोहे परतणारा आईचा हात थांबला.

पूर्वी तो कधी थांबला नव्हता.

तिने व्हिडिओ मागे नेला. हात या वेळी आधीच थांबला.

"आई, चुकलं गं माझं," मंजिरी फोनला म्हणाली.

आईने गॅस बंद केला, सरळ तिच्याकडे पाहिलं.

"थांब मंजू, आधी तिचं हसून होऊ दे."

व्हिडिओ कधीचा संपला होता. हसणं थांबत नव्हतं.