पंख्यात दोर, तोही नवमीला

इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झालं. वासूने बोटीच्या मागे वाकून पाहिलं. कुणाच्या तरी तुटलेल्या जाळ्याचा हिरवा नायलॉनचा दोर, अंगठ्याएवढा जाड, पंख्यात गुरफटला होता.

"सुरा आण रे," तो धाकट्या भावाला म्हणाला.

यतीश जागचा हलला नाही. "सुरा घरी आहे, अण्णा."

"मग करवत आण."

"ती पण घरीच. सगळी पेटीच पूजेत मांडलीय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, मलपे बंदरातल्या कोळ्यांच्या घराघरांत हत्यारं हळदकुंकू लावून पाटावर मांडलेली असतात, आणि दशमीची पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. ते ठीक आहे हो! पण हत्यारं पाटावर आणि त्याच दुपारी बोटीला झेंडूच्या माळा घालून बायकापोरांना समुद्रात फेरी, हे कुठलं शहाणपण? दरवर्षी निभावतं, म्हणून कुणी विचारत नाही. "एक सुरा तरी राहू दे," असं वासू सकाळी म्हणाला होता. त्याची आई कल्याणीअम्मा त्याच्यावरच उखडली होती.

वारं किनाऱ्याकडे वाहत होतं आणि मधे काळे खडक होते. नांगर टाकला, तो तळाला धरेना. बंदरात फोन लागला, पण तिथून बोट यायला अर्धा तास. खडकांपर्यंत फार तर दहा मिनिटं. बोटीवर आठ माणसं, त्यांतली चार पोरं. जॅकेटं होती ती पोरांच्या गळ्यात अडकवली.

कल्याणीअम्माने कमरेची चंची सोडली, अडकित्ता काढला आणि मान खाली घालून वासूपुढे धरला. सगळ्यांची हत्यारं पाटावर मांडायला लावणाऱ्या बाईने स्वतःचा अडकित्ता तेवढा लपवला होता. सुपारीशिवाय तिचा तासभरही निघत नसे. एरवी यावर महिनाभर हसणं झालं असतं. आज वासूने तो नुसता हातात घेतला.

वासूने शर्ट काढला. इंजिनाची चावी काढून त्याने बायकोच्या हातात ठेवली.

"जलजा, गिअर अडकून बसलाय. इंजिन लागलं की पंखा फिरलाच, आणि मी खाली असलो तर माझा खिमा. मी समोर उभा राहून मागेन तेव्हाच द्यायची. दुसऱ्या कुणाला नाही. कळलं?"

जलजाने मान हलवली. तो पाण्यात उतरला.

वर यायचा, दम घ्यायचा, परत जायचा. अडकित्ता सुपारीचा, दोराचा एकेक पेड तोडावा लागत होता. चौथ्यांदा वर आला तेव्हा कपाळातून रक्त वाहत होतं. लाटेबरोबर बोटीचं बूड त्याच्या डोक्यावर आदळत होतं. "थोडाच राहिलाय," म्हणाला आणि गेला.

खडकांना चिकटलेली कालवं आता दिसायला लागली. फुटलेल्या लाटेचं पाणी पोरांच्या तोंडावर उडालं. जलजाची धाकटी इतका वेळ रडत होती, ती एकाएकी गप्प झाली. त्याची जलजाला जास्त भीती वाटली.

मागच्या बाजूला हिरवा दोर सुटून वर आला.

"सुटला!" यतीश ओरडला. "वहिनी, चावी द्या! लवकर!"

"ते कुठायत?"

यतीश एका कडेला धावला, मग दुसऱ्या. पाण्यात कुणीच नव्हतं. चावीसाठी पुढे केलेला हात त्याने मागे घेतला.

"चावी दे, जलजा."

कल्याणीअम्मा उठून उभी राहिली होती. दोन पोरं तिच्या लुगड्याला धरून होती.

"अत्ते, ते खाली आहेत!" जलजा सासूला म्हणाली.

"कोण खाली आहे ते मला नको सांगू. मी जन्म दिलाय त्याला." म्हातारीचा आवाज जराही कापला नाही. "वर चार लेकरं आहेत. दे म्हणते ना!"

त्या चारांतली दोन जलजाचीच होती.  बोट खडकावर आपटणार ती पुढच्या लाटेला की त्याच्या पुढच्या, एवढाच प्रश्न उरला होता. तिने चावी ब्लाउजमध्ये कोंबली आणि कठड्याला पाठ लावली.

"नाही देणार."

अम्माने तिचा दंड धरला. नखं मांसात रुतली. जलजा किंचाळली, पण तिने छातीवरचे हात काढले नाहीत.

तेवढ्यात पुढून कुणीतरी खोकलं. बोटीच्या पार पुढच्या टोकाला, कडेला बांधलेल्या टायरला धरून वासू लोंबकळत होता. यतीशने त्याला काखेत धरून वर ओढलं. तो ओकला, धडपडत मागे आला आणि जलजासमोर हात पसरून उभा राहिला. तिने चावी दिली.

दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. बोटीची कड खडकाला खरवडत गेली, फळी फुटल्याचा आवाज झाला, पण बोट निघाली.

 खडक दूर गेले तेव्हा वासूने सुकाणू यतीशकडे दिलं आणि बायकोशेजारी येऊन बसला. तिच्या दंडावर नखांच्या चार लाल खुणा उठल्या होत्या, एकीतून रक्त येत होतं. त्याने त्या पाहिल्या, मग तिच्याकडे पाहिलं.

"चावी कुणी मागितली का?"

कल्याणीअम्मा पुढे पाठमोरी बसली होती, धाकटीला मांडीत घट्ट धरून. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"छे," दंडावर पदर ओढत जलजा म्हणाली. "कोण मागणार?"