काळी किनार

नव्या मोटरसायकलखाली रोज ऑइलचा डाग पडायला लागला. गळती कुठून ते दिसावं म्हणून मी इंजिन लख्ख पुसलं, वर टाल्कम पावडर मारली आणि कैरवानच्या बाजारात एक चक्कर टाकून आलो. इंजिनच्या सांध्यात, गॅस्केटपाशी काळा ओघळ! तडक शोरूम गाठलं.

मॅनेजर मोंजीने वाकून बघायचीही तसदी घेतली नाही. "हाजी, भरताना तुम्हीच सांडलं असणार. ते वॉरंटीत बसत नाही. आमची गाडी गळतच नाही! तुम्ही आपले गालिचे विका, इंजिनात कशाला नाक खुपसता?"

मागे एक नवी कोरी गाडी माझ्याच गालिच्यावर दिमाखात उभी होती. तिच्याखालचा आधीचा पांढरा गालिचा त्याने गेल्याच आठवड्यात परत आणला होता. "किनारीचा काळा रंग मधोमध पसरला," म्हणाला. गिऱ्हाइकाशी वाद नको म्हणून मी निमूटपणे हमीत बदलून दिला होता.

मी खुर्ची ओढून बसलो.



"मोंजी, ती किनार काळ्या मेंढीच्या लोकरीची होती, रंगवलेली नव्हती. मेंढीचा रंग कसा पसरेल रे?"