थंडाईची किटली

चौऱ्याहत्तरच्या शिवजयंतीला गल्लीतल्या तालमीनं दांडगी शर्यत ठेवली होती. पंचगंगा पोहून पार करायची, पलीकडनं सायकल मारत पन्हाळ्याचा पायथा गाठायचा आणि तिथनं पळत गड चढायचा. तालमीतर्फे उतरणार होता केरबाचा पोरगा सर्जेराव. वस्तादांचा दंडक एकच होता, पोरगं टप्प्यावर यायच्या आत बदामाची थंडाई तिथं तयार पाहिजे. ते काम आपसूक बापाच्या गळ्यात पडलं.

आठवडाभर रोज सराव चालला. केरबा पोराबरोबरच निघायचा. एका हातानं किटली पाण्यावर धरून नदी पोहायचा, मग ती भाड्याच्या सायकलीला अडकवून पन्हाळ्याची वाट धरायचा आणि शेवटी थेंब सांडू न देता गड चढायचा. सर्जेराव धापा टाकत येई, तेव्हा बाप पेला भरून उभा असायचा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मात्र केरबानं तालमीच्या पायरीवर बसकणच मारली. पोटऱ्या नुसत्या दगड झाल्या होत्या.

"वस्ताद, न्हाय झेपत आता. पन्नाशी उलटली की माजी. उद्या किटली दुसऱ्या कुणाकडं तरी द्या."

वस्तादांनी त्याच्याकडं बघून लांब सुस्कारा सोडला.



"दुसरा कुठनं आणू, केरबा? सर्ज्याच्या आधी पोचणारा अख्ख्या तालमीत तू एकटाच हाईस की!"