मोठ्या सरांच्या चिमटीतली नळी

"हीच ती!" मोठ्या सरांनी डीप फ्रीझरमधून करंगळीएवढी नळी काढली आणि चिमटीत धरून उजेडात उंच केली. "आपल्या पांढऱ्या पेशींची कात्री. रोगट पेशी आतून कातरून टाकणारं प्रथिन. प्रयोगशाळेत बनवलेलं, पण हुबेहूब माणसाचं!"

पाहुण्यांनी माना डोलावल्या. नळीवरचं हिम सरांच्या बोटांच्या उबेनं वितळून मनगटावर ओघळू लागलं.

ते पाणी बघून दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या विद्यार्थिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोठवलेलं हे प्रथिन पुन्हापुन्हा वितळलं की कात्री बोथट होते, हे सरांनीच तिला शिकवलं होतं. म्हणून आल्याबरोबर ते छोट्या नळ्यांत वाटून ठेवू, लागेल तशी एकेक काढू, असं ती कानीकपाळी ओरडली होती. "मग कंपनीचं लेबल लोकांना कुठं दाखवू?" म्हणत सरांनी तिला उडवून लावलं. पाहुणे आले की नळी बाहेर. आणि तिच्या प्रयोगात कात्री चालली की जो द्रव पिवळा व्हायला हवा, तो पाण्यासारखा स्वच्छच राहायचा. आता पुन्हा फसलीस तर काम काढून घेईन, अशी तंबीही सरांनी तिलाच दिली होती. कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात!

"आधीच्या नळ्या वाया गेल्या," सर पाहुण्यांना सांगत होते. "आता काहींच्या हातालाच गुण नसतो, त्याला काय करणार?"

एका पाहुण्यानं तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. बाकीचे हसले.

सरांनी नळी तिच्यापुढे धरली. "जा, लगेच आत ठेव. आणि जपून हं, तुझा भरवसा नाही."

तिनं नळी घेतली, टोपण काढलं आणि सगळ्यांदेखत ती बेसिनमध्ये उपडी केली.

"अगं ए! डोकं फिरलंय का तुझं?" सर किंचाळले.

"मिठाचं पाणी आहे, सर." तिनं रिकामी नळी लेबल दिसेल अशी धरली. "या खेपेचं खरं प्रथिन आलं त्याच दिवशी मी वाटून ठेवलं. तुम्हाला लेबल हवं होतं ना? ते तेवढं तुमच्यासाठी ठेवलं."

मग तिनं टेबलावर झाकून ठेवलेली सकाळच्या प्रयोगाची प्लेट उघडली आणि पाहुण्यांपुढे सरकवली. प्लेटच्या खळग्याखळग्यातला द्रव पिवळाधमक झाला होता.

पाहुणे प्लेटवर वाकले.

"वा! हे कुणाच्या हातचं?" मघाशी कीव करणाऱ्यानं विचारलं.

सरांनी आपला ओला हात हळूच कोटाच्या खिशात घातला.